प्रकरण चौदावे : कपातला गाळ

राजाभाऊ उकिडव्यांचा आयुष्यात दोन गोष्टींवर कधी विश्वास बसला नाही: भविष्य आणि बिनदुधाची कॉफी. त्या रविवारी दुपारी मुलाच्या घरी दोन्ही एकदम त्यांच्या पुढ्यात येणार होत्या, आणि याचा त्यांना पत्ता नव्हता. ते सोफ्यावर पोटावर हात ठेवून बसले होते आणि मसालेभाताला दाद देत होते.

अबू धाबीच्या अल रीम बेटावरच्या त्या तेविसाव्या मजल्यावर सकाळपासून गडबड होती. नात कावेरीचं उष्टावण होतं. राजाभाऊ आणि त्यांची बायको मंजुषा शारजाहून साडेआठलाच निघाले होते, रविवार असल्यामुळे वाटेत ट्रॅफिक लागला नाही, आणि याचंही श्रेय राजाभाऊंनी स्वतःच्या ड्रायव्हिंगला दिलं. कावेरीने खिरीचा पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि तो आजोबांच्या नव्या शर्टावर परत केला. सगळे हसले. मग पंगत झाली. स्वयंपाक सगळा मैथिलीचा होता; त्यासाठी ती चार दिवस आधीच इथे येऊन राहिली होती.

मैथिली म्हणजे राजाभाऊंची धाकटी बहीण. त्रेपन्न वर्षांची, अविवाहित, आणि तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत कधीही विमानात न बसलेली. माई, म्हणजे या दोघांची आई, जूनमध्ये मिरजेत वारली. तेरा वर्षं ती अर्धांगाने अंथरुणावर होती आणि तेरा वर्षं मैथिलीने तिचं सगळं केलं. माई गेल्यावर भाड्याचं घर सोडलं, आणि राजाभाऊंनी बहिणीला तिकीट पाठवलं. विमानतळावर तिला बघून ते म्हणाले होते, "आता तू एकटी नाहीस. आता तू आमच्याकडेच." हे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मैथिलीची पंचाईत नेमकी तिथेच सुरू झाली होती.

"शार्दूल," जेवण झाल्या झाल्या राजाभाऊंनी मुलाला हाक मारली, "आत्याचा व्हिजिट व्हिसा बुधवारी संपतोय. आजच एक्स्टेंड करून टाक. लॅपटॉप आण, इथेच बस, माझ्यासमोर कर. खलास."

"करतो ना बाबा. पासपोर्टची कॉपी आहे माझ्याकडे."

"तेच म्हणतोय. तोवर मुग्धा ऑफिसला जॉइन होईल, कावेरीला आत्या आहेच. पुढचं पुढे बघू, इन्शाल्ला."

आत ओट्यापाशी अळूवड्यांचं ताट पुसत मैथिलीने हे सगळं ऐकलं. तिच्याशेजारी मुग्धा, शार्दूलची बायको, दुधाची बाटली धूत होती. तिने बाटली खाली ठेवली आणि दार लोटून घेतलं.

"आत्या, आज सांगायचंय. संध्याकाळपर्यंतच वेळ दिलाय त्यांनी."

"सांगते गं."

"सकाळपासून सांगते गं, सांगते गं चाललंय तुमचं."

मुग्धाला शुक्रवारी कळलं होतं. मैथिलीने तिला फोनवरचा मेसेज दाखवला होता. कुडाळच्या एका मुलींच्या वसतिगृहाला रेक्टर हवी होती. चाळीस मुली, तालुक्यातून शिकायला आलेल्या. मैथिलीने येण्यापूर्वी गंमत म्हणून अर्ज टाकला होता, आणि तो चक्क मंजूर झाला होता. एक तारखेला रुजू व्हायचं. संस्थेच्या सचिव संपदाताईंनी लिहिलं होतं: रविवारी संध्याकाळपर्यंत नक्की कळवा, नाहीतर आम्हाला दुसऱ्या बाईंना विचारावं लागेल.

"दादाचं तोंड बघितलंस का?" मैथिली म्हणाली. "किती खूश आहे तो. त्याला कसं सांगू, की मला नाही राहायचं? त्याला वाटेल, त्याच्या घरी मला काहीतरी कमी पडलं."

"मग मी सांगते."

"नको. तुझ्यावर चिडेल. तू सून आहेस."

मुग्धाने बाटली पुन्हा उचलली. पण तिच्या मनात काहीतरी शिजत होतं, आणि तेवढ्यात बेल वाजली.

*

कुबराआंटी समोरच्या फ्लॅटमध्ये मुलाकडे राहायच्या. तुर्कीतल्या इझमीरच्या, साठीच्या, गोऱ्यापान, मोठ्याने हसणाऱ्या. मुग्धाला गरोदरपणात तीन महिने झोपून काढावे लागले, तेव्हा या बाई रोज दुपारी येऊन तिच्या उशाशी बसत आणि दोघी मिळून तुर्की मालिका बघत. त्यातून मुग्धाला कावेरी तर सुखरूप मिळालीच, शिवाय मोडकीतोडकी तुर्की भाषाही मिळाली. आज उष्टावणाला आल्या त्या हातात ट्रे घेऊनच. ट्रेमध्ये लांब दांड्याचं पितळी भांडं, कॉफीचा डबा आणि सहा चिमुकले कप.

"बाळासाठी तुम्ही खीर केली," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "मोठ्यांसाठी मी कॉफी करते. आणि कॉफीनंतर फाल!"

"फाल म्हणजे?" मंजुषाने विचारलं.

"भविष्य, आई," मुग्धा म्हणाली. "कॉफी प्यायची, कप बशीवर पालथा घालायचा, आणि आत गाळाची जी नक्षी उमटते ती आंटी वाचतात. गंमत असते नुसती."

मंजुषा त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरात गेली. शेगडी विजेची होती, तिच्यावर कुबराआंटींचा भरवसा नव्हता. त्या भांड्यावरून नजर हलवत नव्हत्या. पूड, साखर, पाणी, सगळं एकत्र, आणि मंद आच. मग हळूच कडेने फेस चढायला लागला. उकळी फुटायच्या आत त्यांनी भांडं उचललं, प्रत्येक कपात चमच्याने थोडा थोडा फेस वाटला आणि भांडं परत ठेवलं.

"फेस सगळ्यांना सारखा मिळाला पाहिजे," त्या म्हणाल्या. "ज्याला कमी, तो रुसतो."

मंजुषाला हसू आलं. माईंच्या हाताखाली ती स्वतः असंच शिकली होती, श्रीखंडावरचं केशर वाटायला.

"तुमची नणंद छान आहे," कुबराआंटी म्हणाल्या. "आता इथेच राहणार?"

"यस, यस. शी विल स्टे विथ अस," मंजुषा म्हणाली.

आणि म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे आपल्याला मैथिलीने कधीच सांगितलेलं नाही. आपण तिला विचारलेलंही नाही. हे सगळं आपल्या नवऱ्याने ठरवलं, आणि आपल्याला सोयीचं होतं म्हणून आपण मान हलवली. नातीजवळ घरचं माणूस राहणार, आपल्याला शारजाहून रोज धावायला नको, आपले गुडघे वाचणार. मंजुषा मनाने वाईट बाई नव्हती, पण सोय ही चीज चांगल्या माणसालाही आंधळं करते. तिने फडक्याने ओटा उगाचच पुसला.

*

बैठकीत कॉफी आली. प्रत्येक कपाबरोबर पाण्याचा एक छोटा ग्लास.

"पाणी आधी," कुबराआंटींनी खुणेने सांगितलं.

"आणि तळाचा गाळ प्यायचा नाही हं," मुग्धा म्हणाली. पण हे ती म्हणाली तेव्हा कावेरी रडत होती आणि राजाभाऊ तिला 'यल्ला हबीबी, यल्ला हबीबी' करत हालवत होते. सूचना हवेत गेली.

राजाभाऊंनी कॉफी प्यायली. कडू होती, पण पाहुणीसमोर त्यांनी चेहरा पडू दिला नाही. तळाशी चिखलासारखं काहीतरी उरलं. आता माईचा नियम असा, की ताटात किंवा पेल्यात काही टाकायचं नाही. मिरजेच्या घरात दुधाचा पेलासुद्धा पाण्याने विसळून, ते पाणी पिऊनच खाली ठेवायचा. बासष्ट वर्षांचे राजाभाऊ, शारजाच्या एका अ‍ॅल्युमिनियम वर्कशॉपचे मॅनेजर, हाताखाली नव्वद माणसं. त्यांनी शेजारच्या ग्लासातलं पाणी कपात ओतलं, करंगळीने ढवळलं आणि सगळं एका दमात घशाखाली लोटलं. मग बाकीच्यांचं बघून तो कप बशीवर पालथा घातला आणि जिभेने दात पुसत बसले.

हे फक्त मैथिलीने पाहिलं. तिने ओठ आवळून हसू दाबलं. मग स्वतःच्या कपाकडे बघितलं. तिच्या कपात तळाशी बोटभर गाळ होता. हात पाण्याच्या ग्लासाकडे गेला, सवयीने, आणि थांबला. तिने कप तसाच, गाळासकट, पालथा घातला.

"पहिला आत्यांचा," मुग्धा म्हणाली. "आंटी, तुर्कीतच सांगा. इंग्रजीत फालची मजा जाते. मी सांगते सगळ्यांना मराठीत."

शार्दूल लॅपटॉप मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला होता. व्हिसाचा अर्ज भरून झाला होता, फक्त शेवटचं बटण दाबायचं बाकी होतं. त्याने मान वर केली. बायकोचा आवाज त्याला जरा जास्तच गोड वाटला, आणि लग्नाला चार वर्षं झालेल्या माणसाला या गोडव्याचा अर्थ कळतो.

कुबराआंटींनी कप गार झालाय का ते बोट लावून पाहिलं, अलगद सुलटा केला, आणि खिडकीच्या उजेडात धरला. कप एकीकडे वळवला, मग दुसरीकडे.

"बालिक," त्या म्हणाल्या. "ब्युयुक बिर बालिक."

"त्या म्हणतायत," मुग्धाने सांगितलं, "एक मोठी इमारत आहे. तिच्यात पुष्कळ मुली आहेत. शिकणाऱ्या."

शार्दूलने भुवई उचलली. बालिक म्हणजे काय ते त्याला पक्कं माहीत होतं. ऑफिसजवळच्या तुर्की हॉटेलात दर गुरुवारी तो बालिकच खात असे. बालिक म्हणजे मासा.

"योल," कुबराआंटी म्हणाल्या.

"आणि त्या मुलींना एक ताई पाहिजे. वडीलधारी, प्रेमळ. त्या वाट बघतायत. संध्याकाळपर्यंतच वाट बघणार आहेत म्हणे."

"एका शब्दात एवढं?" राजाभाऊ म्हणाले.

"तुर्की भाषा फार थोडक्यात असते, बाबा."

मैथिली खाली मान घालून बसली होती. तिचे कान लाल झाले होते. शार्दूलने आत्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि एक एक करून त्याच्या डोक्यात सगळं जुळलं. परवा आत्या बाल्कनीत उभी राहून फोन दोन्ही हातांत धरून वाचत होती. मुग्धा गेले दोन दिवस ऑफिसखालच्या नर्सरीची चौकशी करत होती आणि विचारलं तर 'सहज' म्हणाली होती. त्याने काही न बोलता लॅपटॉपचं झाकण मिटलं. बटण दाबलं नाही.

"पुढे?" राजाभाऊंचा आवाज बदलला होता. त्यांचा विश्वास नव्हता, पण ते पुढे सरकून बसले होते.

"कुश मू? योक, आयाक्काबं," कुबराआंटी कप डोळ्यांजवळ नेत पुटपुटल्या.

"त्या म्हणतात, आत्यांना तिथे जायचंय. पण घरातल्या मोठ्या माणसाला दुखवायला त्यांचा जीव होत नाही."

राजाभाऊंचा चेहरा उतरला. कुबराआंटींनी तो पाहिला आणि घाबरून कप खाली ठेवला.

"काय झालं? ते का दुखावले?" त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मासा चांगला असतो! मासा म्हणजे किस्मत!"

"मासा?" राजाभाऊ म्हणाले. "तुम्ही काय काय सांगितलंत, मॅडम?"

"एक मोठा मासा. एक रस्ता. मग मला वाटलं पक्षी, पण पक्षी नाही, बहुतेक बूट." त्यांनी मुग्धाकडे पाहिलं. "पोरी, तू इतका वेळ काय बोलत होतीस?"

मुग्धाने मान खाली घातली.

"मुग्धा," राजाभाऊ म्हणाले, "या माशातून मुलींचं वसतिगृह कुठून निघालं?"

"बाबा, सॉरी. मी..."

"माझ्याकडून निघालं, दादा," मैथिली म्हणाली.

*

मैथिलीला वाटलं होतं आपला आवाज कापेल. तो कापला नाही. तिने फोन उघडून भावाच्या हातात दिला. राजाभाऊंनी मेसेज दोनदा वाचला.

"कधीपासून चाललंय हे?"

"अर्ज मे महिन्यात केला होता. माई असतानाच. होईल असं वाटलं नव्हतं."

"आणि मला सोडून सगळ्या घराला माहीत होतं."

"मला नव्हतं," मंजुषा म्हणाली.

"मलाही आत्ता कळलं," शार्दूल म्हणाला. "पण बाबा, मी बटण दाबलेलं नाही. आत्याने दाब म्हटल्याशिवाय दाबणार नाही."

"म्हणजे तूही तिकडे!" राजाभाऊंनी मुलाकडे पाहिलं आणि पुन्हा बहिणीकडे वळले. "मैथिली, इथे तुला काही कमी आहे का? कोणी काही बोललं?"

"काही कमी नाही, दादा. म्हणून तर सांगता येत नव्हतं."

"मग या वयात कशाला ती नोकरी? चाळीस पोरींच्या मागे धावायची? आत्ता कुठे सुटलीस. जरा आराम कर, नातीबरोबर खेळ. मी काय तुझ्या वाईटाचं सांगतोय?"

मैथिलीला खरं कारण सांगायचं होतं, आणि ते इतकं लहान होतं की मोठ्याने म्हणायची लाज वाटत होती.

"दादा, तेरा वर्षांत मी कुठल्याही दाराला आतून कडी लावली नाही. न्हाणीघराच्यासुद्धा नाही. माईला हाक मारता येत नव्हती ना. ती हात आपटायची पलंगावर, तो आवाज ऐकू आला पाहिजे म्हणून. त्या वसतिगृहात रेक्टरला एक खोली आहे. मी संपदाताईंना फक्त एक विचारलं होतं, आतून कडी आहे का. त्या म्हणाल्या, आहे." तिने कावेरीकडे पाहिलं. "मला इथे तुम्ही सगळे जीव लावता. कावेरी तर माझा जीव आहे. पण मला ती कडी पाहिजे, दादा. आणि पोरींना वाचायला शिकवायचंय, पुस्तकं द्यायचीत. माईसाठी शाळेच्या लायब्ररीतली नोकरी सोडली तेव्हा एका पोरीने रडून विचारलं होतं, परत कधी येणार. मी म्हटलं होतं, येईन."

राजाभाऊंनी अडचण पुढे केली. "आणि कावेरीकडे कोण बघणार?"

"माझ्या ऑफिसखाली नर्सरी आहे, बाबा," मुग्धा म्हणाली. "मी नाव नोंदवून आलेय. मला आत्या हव्यात हो, कोणाला नको असतील? पण आपण त्यांना विचारलंच नाही. आपण गृहीत धरलं."

"तू गप्प बस. मघापासून माशाचं वसतिगृह करतेयस."

"अहो, तिला कशाला बोलता?"

हे मंजुषा म्हणाली. ती कधी नवऱ्याला चारचौघांत अडवत नसे, त्यामुळे राजाभाऊ चमकून थांबले.

"माईंना पहिला झटका आला, तेव्हा मी बॅग भरली होती," मंजुषा म्हणाली. "आठवतं? मी म्हटलं होतं, सून आहे, मला गेलं पाहिजे. आणि मैथिलीचा फोन आला. वहिनी, तू येऊ नकोस, शार्दूलची बारावी आहे, मी आहे ना. फोन ठेवून मी देवापुढे साखर ठेवली, की सुटले बाई. दर वर्षी तेच. कधी त्याचं कॉलेज, कधी तुमचं ऑपरेशन. मी देवाचे आभार मानत राहिले तेरा वर्षं. मैथिलीचे एकदाही मानले नाहीत." तिने नणंदेचा हात हातात घेतला. "माझ्या वाट्याचं तू केलंस गं. आता माझ्या नातीचंही तुझ्याच गळ्यात घालायला निघाले होते मी."

"वहिनी, असं नको बोलू."

"बोलू दे. उशीर झालाय आधीच."

राजाभाऊ एकटे पडले. बायको गेली, मुलगा गेला, सून तर आधीच गेली होती. ते खिडकीकडे बघत बसले. खाली खारफुटीच्या हिरव्या पट्ट्यात पाणी चमकत होतं.

यातलं एक अक्षरही न कळलेल्या कुबराआंटींना एवढंच कळलं, की आपल्या कॉफीने या घरात काहीतरी बिघडलं. ते सावरायला हवं होतं. त्या उठल्या, राजाभाऊंसमोर आल्या आणि उत्साहाने म्हणाल्या, "आता तुमचा बघू! तुमचा नक्की चांगला निघणार!"

त्यांनी राजाभाऊंचा कप उचलला, सुलटा केला आणि बघतच राहिल्या. कप पांढरा स्वच्छ होता. एक ठिपका नव्हता.

"कुठे गेलं?" त्यांनी कप हलवून पाहिला. "गाळ कुठे गेला?"

"प्यायलो," राजाभाऊ म्हणाले.

"प्यायलात?"

"पाणी घालून. विसळून."

कुबराआंटींनी छातीवर हात ठेवला. "अल्ला! चाळीस वर्षं मी फाल बघतेय. वाईट फाल पाहिला, खोटा फाल पाहिला. फाल पिऊन टाकणारा माणूस पहिल्यांदा पाहिला! पोट दुखेल! लिंबू आहे का घरात?"

पहिल्यांदा मैथिली हसली. मघापासून दाबून ठेवलेलं ते हसू असं उसळून आलं, की तिला थांबवता येईना. "माई... माईचा नियम..." एवढंच ती म्हणू शकली. मग शार्दूल हसला, मुग्धा हसली, मंजुषाने पदर तोंडाला लावला. कावेरी सगळ्यांकडे बघून खिदळायला लागली. राजाभाऊंच्या पुढच्या दातांवर अजून काळे कण होते, आणि ते स्वतःही शेवटी हसले तेव्हा ते सगळ्यांना दिसले, आणि पुन्हा सगळे हसले.

हसताना राजाभाऊ बहिणीकडे बघत होते. मैथिली अशी हसलेली त्यांनी कधी पाहिली होती? माई गेल्यापासून नाही. माई आजारी पडल्यापासून नाही. त्यांना आठवेना. तीन आठवडे ती त्यांच्या समोर होती, नेटकी, हसतमुख, सगळ्यांच्या पुढे पुढे करणारी, आणि ते समजत होते, की आपण हिला सुखात ठेवलंय.

"माझ्या कपात वाचण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "आण, तुझा कप दे."

"माझा वाचून झाला ना."

"तो मुग्धाने वाचला. मी वाचतो आता."

त्यांनी चष्मा लावला. मैथिलीचा कप हातात घेतला. आत तपकिरी गाळ सगळ्या बाजूंनी ओघळून सुकला होता.

"बराच टाकलास की कपात," ते म्हणाले. "तू कधी टाकत नव्हतीस."

"आज टाकला."

राजाभाऊंनी मान हलवली आणि कप उजेडात धरला. कुबराआंटी त्यांच्या खांद्यावरून डोकावल्या.

"हा जिना आहे," राजाभाऊ म्हणाले. "दवाखान्याचा. लिफ्ट बंद होती त्या दिवशी, आणि तू माईला खुर्चीत बसवून एका वॉर्डबॉयबरोबर दोन मजले खाली आणलंस. मला तू सांगितलं नाहीस. शेजारच्या ठकुबाईंनी सांगितलं, माईच्या तेराव्याला." त्यांनी कप थोडा वळवला. "हे वर्तमानपत्र. रोज माईला पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचून दाखवायचीस. तिला कळतं की नाही, हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं, तरी वाचायचीस. आणि हा इथे, कडेला, लांब, हा मी आहे."

"दादा..."

"थांब, वाचू दे. हा मी, फोन कानाला लावून. रोज विचारतोय, माई जेवली का. रोज. तेरा वर्षं एक दिवस चुकवला नाही, त्याचा मला मोठा अभिमान होता." त्यांनी कपावरून नजर उचलली. "मैथिली, तू जेवलीस का, हे मी एकदाही विचारलं नाही गं."

मैथिलीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, आणि तिने ते पुसलं नाही.

"इथे सगळे मला म्हणायचे, राजाभाऊ, तुम्ही आईचं किती करता," ते पुढे म्हणाले. "मी हो म्हणायचो. ताठ मानेने फिरलो मी इथे. माझी मान ताठ राहिली ती तुझ्यामुळे. तुला इथे ठेवून घेतलं की फेड झाली, असं वाटत होतं मला. आणि प्रत्यक्षात मी तुला पुन्हा कामालाच लावत होतो." त्यांनी कप बशीत ठेवला. "पुढचं मला वाचता येत नाही. पण मागचं सगळं वाचलंय. मी तुझा आभारी आहे, मैथिली. हे मी आधी म्हणायला पाहिजे होतं."

'त्यात काय एवढं' असं म्हणायला मैथिलीने तोंड उघडलं. तेरा वर्षं ती सगळ्यांना हेच म्हणत आली होती. मग तिने तोंड मिटलं. त्यात होतं एवढं. तिला ते माहीत होतं आणि आता दादालाही माहीत होतं. ती उठली आणि भावाला वाकून नमस्कार करायला गेली, तर त्यांनी तिला मध्येच धरलं आणि जवळ घेतलं.

"लग्न ठरलं का कुणाचं?" कुबराआंटींनी मुग्धाला हळूच विचारलं.

"नोकरी लागली, आंटी."

"माशाल्ला! मी म्हटलं ना, मोठा मासा आहे!"

शार्दूलने घड्याळ पाहिलं. पाच वाजून गेले होते. "आत्या, तिकडे साडेसहा झालेत. फोन करतेस ना?"

"मेसेज टाकते."

"फोन कर," राजाभाऊ म्हणाले. "एवढी मोठी गोष्ट मेसेजने सांगायची? व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नाही इथे. शार्दूल, तुझ्या फोनवरून साधा आयएसडी लावून दे. आणि स्पीकरवर ठेव, आम्हालाही ऐकू दे."

चार रिंग झाल्या. मैथिलीने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मंजुषा तिच्या एका बाजूला बसली होती, मुग्धा कावेरीला घेऊन दुसऱ्या.

"हॅलो, संपदाताई? मी मैथिली उकिडवे बोलतेय. अबू धाबीहून."

"अहो, तुमचीच वाट बघत होते. बोला. येताय ना?"

"येतेय. एक तारखेला रुजू होते."

"छान झालं, फार छान झालं! मुलींना सांगते." मग संपदाताईंनी आवाज खाली आणला. "पण मैथिलीताई, एक विचारू का? राग मानू नका. मागच्या बाई तीन महिन्यांत सोडून गेल्या, घरून बोलावणं आलं म्हणून. तुमच्या घरच्यांना विचारलंयत ना? त्यांचं काय म्हणणं आहे?"

मैथिलीने समोर पाहिलं. राजाभाऊ चष्मा काढून पुसत होते.

"घरच्यांनी आभार मानलेत," ती म्हणाली.

"आभार? कसले?"

"तेरा वर्षांचे," मैथिली म्हणाली. "आणि मी ते घेतलेत."